मत कशाला देऊ असं लेक विचारते, तुम्ही काय सांगाल?

पायवाट:
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तो जरा लांबणार आहे.

माझी लेक एकोणीस वर्षांची आहे. मतदार यादीत तिचं नाव अजून नाही. मी विषय काढला की "बघू गं" म्हणून उठून जाते. परवा रात्री जेवताना मीच चिडले, म्हटलं अठरा पूर्ण होऊन वर्ष झालं, एक फॉर्म भरायला काय होतं तुला. तर ती शांतपणे म्हणाली, आई, २०१९ ला विधानसभेला तू ज्याला मत दिलंस तो आता कोणाबरोबर आहे? मी सांगितलं. मग म्हणाली, आणि कोणाला पाडायचं म्हणून तू त्याला मत दिलं होतंस? तेही सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

त्यावर मला काही बोलताच आलं नाही. भांडी आवरली, झोपायला गेले, झोप नाही.

आधीच सांगते, मी कुठल्याच पक्षाची नाही. वीसेक वर्षांत तीन वेगवेगळ्या पक्षांना मत दिलंय, दर वेळी विचार करून. त्यामुळे इथे कृपया अमक्याच्या काळात काय झालं आणि तमक्याच्या काळात काय झालं हे सुरू करू नका, ते मला टीव्हीवर मिळतं, आणि टीव्ही मी वर्षभर बंद ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी बसून वाचलं थोडं. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, घटनेचं दहावं परिशिष्ट. आधी एक तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर चालायचं, २००३ मध्ये ती वाट बंद केली, आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तेवढंच उरलं. ऐकायला कडक वाटतं. पण अपात्र ठरवायचं कोणी, तर सभागृहाच्या अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष बहुतेक वेळा सत्तेतल्याच पक्षाचे. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मणिपूरच्या केसमध्ये म्हटलं होतं की साधारण तीन महिन्यांत निर्णय लागावा. आपल्याकडे जून २०२२ च्या फुटीवर अध्यक्षांचा निर्णय आला जानेवारी २०२४ ला, आणि २०२३ च्या दुसऱ्या फुटीवर फेब्रुवारी २०२४ ला. दोन्हीत एकही आमदार अपात्र नाही, इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही. म्हणजे कोणीच चुकलं नाही. मग माझ्या मताचं जे झालं ते नक्की कोणी केलं?

आणि हे फक्त महाराष्ट्रात नाही. २०१९ ला कर्नाटकात आणि २०२० ला मध्य प्रदेशात आमदारांनी राजीनामे दिले, सरकारं पडली, आणि त्यातले बरेच जण पोटनिवडणुकीत नव्या चिन्हावर परत निवडून आले. हे शेवटचं मला जास्त लागतं, कारण ते निवडून आणणारे आपणच.

दिल्लीकडे बघावं तर तिथेही तेच निराश वाटतं. सतरावी लोकसभा पूर्ण मुदत उपाध्यक्षाशिवाय चालली, उपाध्यक्ष निवडावा असं घटनेचं कलम ९३ सांगतं तरी. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित होते, आणि त्याच आठवड्यात देशाचे फौजदारी कायदे बदलणारी तीन विधेयकं मंजूर झाली. शेती कायदे २०२० मध्ये पुरेशी चर्चा न होता आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये चर्चा न होताच गेले, काही मिनिटांत. ते कायदे चांगले होते की वाईट हा वेगळा वाद, मला एवढंच कळत नाही की आणतानाही बोलायचं नाही आणि काढतानाही बोलायचं नाही तर त्या एवढ्या मोठ्या इमारतीत जायचं कशासाठी?

असं सगळं असूनही मला तिने मत द्यायला हवंय. का हवंय ते मला नीट सांगता येत नाहीये, म्हणून हा धागा. लोकशाहीचा उत्सव वगैरे तिला सांगून चालणार नाही, ती ऐकूनही घेणार नाही. मला खोटी आशा नकोय, जी खरी असेल ती सांगा, थोडी असली तरी चालेल.

शेवटचा_डबा:
ताई तुमच्या मुलीचं बरोबर आहे. मी २०२४ ला लोकसभेला मत दिलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा. सुट्टी होती, केंद्र घरापासून पाच मिनिटांवर, तरी नाही गेलो. त्याचं वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही याचंच आता वाईट वाटतंय. माझा तर मशीनवरचाही विश्वास उडालाय. कशाला तिला जबरदस्ती करताय.

शाळा_सुटली:
मी शिक्षक आहे, निवडणूक ड्युटी आमच्या पाचवीलाच पुजलेली. चार निवडणुका केल्या, त्यातल्या दोनदा केंद्राध्यक्ष होतो. मशीनबद्दल डबेवाल्या मित्रांनी लिहिलंय म्हणून सांगतो, वाद घालायला नाही.

मतदान सात वाजता सुरू होतं, त्याच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान असतं. पक्षांचे पोलिंग एजंट समोर बसतात, किमान पन्नास मतं टाकायची, कोणी कुठलं बटण दाबलं ते लिहून ठेवायचं, मग मशीनचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या जुळवायच्या. जुळलं की मशीन क्लिअर करायचं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील, सगळ्यांच्या सह्या. मतदाराला त्याची चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते. संध्याकाळी मशीन बंद केलं की नमुना १७ सी भरायचा, एकूण किती मतं पडली तो आकडा, आणि त्याची प्रत प्रत्येक एजंटला द्यायची. मोजणीच्या दिवशी तोच आकडा मशीनवर दिसला पाहिजे. एजंट हजरच नसेल तर प्रत घेणार कोण, तिथे गोष्ट ढिली पडते, आणि हल्ली बरेच पक्ष बरीच केंद्रं रिकामी सोडतात हे मी स्वतः बघितलंय.

एक प्रसंग सांगतो. संध्याकाळी आमच्या रजिस्टरात सह्या एक जास्त आणि मशीनवर मत एक कमी. माझे हात थंड पडले. तीन पक्षांचे तीन एजंट, दिवसभर एकमेकांशी धड बोलले नव्हते, तिघंही टेबलाभोवती आले आणि एकेक पान उलटायला लागलो. मग त्यातल्याच एकाला आठवलं की दुपारी एक माणूस सही करून, शाई लावून, मत द्यायचं नाही म्हणून परत गेला होता. आणि खरंच, शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद होती, त्याची सही होती, माझ्याच अक्षरात होतं आणि मीच विसरलो होतो. एका मताचा हिशेब लागेपर्यंत आम्ही कोणी घरी गेलो नाही. बाहेर गाडीवाला हॉर्न मारतोय, झोनल अधिकाऱ्यांचा फोन, तरी नाही.

माझ्या टेबलाच्या पलीकडे काय होतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. चिठ्ठ्यांची मोजणी एका विधानसभा क्षेत्रात पाचच केंद्रांची होते, ती वाढवावी असं मलाही वाटतं, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली तरी. पण माझ्या टेबलापुरतं विचाराल तर तुमच्या मुलीचं मत मी मोजून घेईन एवढं सांगू शकतो.

शेवटचा_डबा:
सर, त्या नोंदीचा प्रसंग वाचून बरं वाटलं, खरंच. मॉक पोल असा असतो हे मला माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा तसाच राहतो. मत तुम्ही नीट मोजलंत, पुढे ते विकलं गेलं तर तुमच्या मोजण्याचा उपयोग काय?

हिशेबवही:
विकण्याचा विषय निघालाच आहे तर पैशांबद्दल लिहिते. लोकसभेच्या उमेदवाराला आपल्यासारख्या मोठ्या राज्यात ९५ लाखांपर्यंत खर्च करता येतो, पक्षाने स्वतःच्या नावाने करायच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. हे वाचलं तेव्हा मी दोनदा तपासलं, कारण दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी असा प्रकार आहे.

इलेक्टोरल बाँडचं सगळ्यांनी ऐकलं असेल. २०१८ पासून सुरू, स्टेट बँकेतून घ्यायचे, कोणी कुठल्या पक्षाला दिले ते मतदाराला कळायचं नाही. एकूण सोळा हजार कोटींहून जास्त रकमेचे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने योजना रद्द केली, कारण दिलं असं की मत देणाऱ्याला पैसा कुठून आला हे कळण्याचा हक्क आहे. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे निवडणूक होऊन गेल्यावर. कोर्टाने ११ मार्चला सांगितलं की उद्या द्या. आणि खरंच दिलं. त्या आठवड्यात मी ऑफिसमधून येऊन रात्री त्या याद्या वाचत बसायचे, पीडीएफची शेकडो पानं, कंपनीचं नाव, तारीख, रक्कम. नंतर बाँडांचे नंबर आले तेव्हा कोणाचा बाँड कोणाकडे वटला ते जुळवता आलं. माझ्या नवऱ्याला वाटलं हिला वेड लागलंय. पण मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ही माझी माहिती आहे आणि ती माझ्या हातात आहे.

आता निराशेची बाजूही लिहिते, नाहीतर पायवाटताई म्हणतील खोटी आशा दाखवली. याचिका २०१७ पासून कोर्टात होत्या. मधे २०१९ ची अख्खी लोकसभा निवडणूक त्याच पैशांवर झाली. आणि आकडे बाहेर आल्यावर कोणाचं काही अडलं नाही. तरीही ती यादी आता कोणाला परत झाकता येणार नाही, ती आहे.

विहीर:
मी वाचतोय. मुलीला नोटा, म्हणजे 'यापैकी कोणीही नाही'चं बटण दाबायला सांगा, निदान राग तरी नोंदवला जाईल.

हिशेबवही:
@विहीर, नोटा २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आला. पण लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता. इंदूरला २०२४ मध्ये दोन लाखांवर लोकांनी नोटा दाबला. खासदार व्हायचे ते झालेच. राग नोंदवला जातो, पण त्या नोंदीचं पुढे काय करायचं हे या निवडणुकांच्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही.

जुनं_पान:
मी सत्तरीचा आहे, टायपिंगला वेळ लागतो. माझं पहिलं मत मार्च १९७७ चं. तेव्हा एकवीस पूर्ण लागायची, अठराचं नंतर झालं, १९८९ पासून.

लेकीला एक गोष्ट सांगा. मधू लिमये आपल्या पुण्याचे, पण निवडून जायचे बिहारमधून, मराठी माणसाला बिहारच्या लोकांनी लोकसभेत पाठवलं हेच आज सांगितलं तर खरं वाटत नाही. १९७६ मध्ये लोकसभेची पाच वर्षं भरली. आणीबाणी चालू होती, निवडणूक न घेता लोकसभेने आपली मुदत आपणच वाढवली. लिमये तेव्हा तुरुंगात होते. त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला, कारण लोकांनी पाठवलं होतं ते पाच वर्षांसाठी. शरद यादवांनीही दिला, ते तर तेव्हा तिशीचेही नव्हते. बाकीचे राहिले. विरोधातलेही राहिले.

आम्ही तेव्हा तरुण होतो आणि आमचीही खात्री होती की आता काही होत नाही. वर्तमानपत्रात काही यायचं नाही, बोलायचं ते दार लावून. मग जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये लोकांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण मला हेही सांगायचंय की त्यातून आलेलं सरकार तीन वर्षंही टिकलं नाही, आपसात भांडून मोडलं. आम्ही फार मोठी आशा लावली होती, ती फुकट गेली, आणि आमच्यातले बरेच जण त्यानंतर राजकारणाचं नावसुद्धा घेईनासे झाले. ती चूक झाली असं आता वाटतं. सरकार मोडलं पण त्याच्या काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली, मुदत परत पाच वर्षांवर आली, आणीबाणी लावणं अवघड करून ठेवलं. ते आजही आहे. आम्ही माणसांकडे बघत बसलो आणि जे टिकलं ते आमच्या नजरेतून सुटलं.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की धर्मात भक्ती ठीक, राजकारणात भक्ती केली की हुकूमशाहीकडे जातो. भक्ती करू नका हे सगळ्यांना पाठ आहे. पण भक्ती मोडली म्हणून पाठ फिरवून बसायचं असंही नाही ना.

पायवाट:
काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. "माणसांकडे बघत बसलो" हे माझंही आहे. मी दर वेळी माणूस निवडला, चांगला वाटला म्हणून, आणि तो गेला की मला वाटायचं माझं मत गेलं.

हिशेबवही, तुमची यादीची गोष्ट मी लेकीला सांगितली. तिचा प्रश्न आला, मग पुढे कोणाला शिक्षा झाली का. मी म्हटलं मला माहिती आहे त्याप्रमाणे नाही. तिने नुसती मान हलवली. पण याद्यांची लिंक मागून घेतली.

शेवटचा_डबा:
मी एक जोडतो, विरोधात लिहिलं म्हणून गैरसमज नको. बिहारमध्ये २०२५ ला मतदार यादीची विशेष फेरतपासणी झाली तेव्हा कच्च्या यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. कोणाची गेली आणि का गेली हे आधी कळतच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये सांगितलं की नावं कारणांसकट जाहीर करा, मग सप्टेंबरमध्ये आधारही ओळखीसाठी धरा म्हणून सांगितलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी ज्या मताला न जाता घरी झोपलो ते टिकवायला तिकडे बाया-माणसं कागद घेऊन रांगेत उभी आहेत. हे मला आतापर्यंत कोणाला सांगता आलं नव्हतं.

आणि त्याच रात्री मी माझं नाव यादीत शोधलं. आहे.

खिडकी_सीट:
मी बावीसची आहे, तुमच्या मुलीच्या जवळपासची, म्हणून लिहिते. आम्हाला कोणी 'मत दे' म्हटलं की राग येतो कारण पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं आणि मग तुमचं काम संपलं असं वाटतं. मला वेगळ्या गोष्टीने फरक पडला. संसदेच्या वेबसाइटवर खासदाराचं नाव टाकलं की त्याने विचारलेले सगळे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं दिसतात. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं तोंडी द्यायची, आणि २३० अतारांकित, त्यांची लेखी. मी आमच्या खासदारांचे प्रश्न वाचले. काही अगदी दुसरीकडून उचलल्यासारखे होते, पण एक आमच्या भागातल्या पाण्याच्या योजनेवर होता, आणि मंत्र्यांच्या उत्तरात कामासाठी आलेल्या पैशांचा आकडा होता. तो आकडा घेऊन मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, माझं आलं त्रेपन्नाव्या दिवशी आणि अर्धवट. अपील केलंय. अजून काही झालेलं नाही, खरं सांगते. पण आता त्या ऑफिसात माझं नाव माहीत आहे, फोन केला की "हां मॅडम" म्हणतात.

माझ्यासाठी मत म्हणजे त्या अर्जाची सुरुवात आहे. मी मत दिलं नसतं तरी अर्ज करता आला असता, कायद्याने काही अडत नाही, पण मला करावासा वाटला नसता.

विहीर:
हे नवीन कळलं. आमच्या खासदारांचं बघितलं आत्ता. पुढच्या सभेत विचारायला दोन प्रश्न मिळाले.

जुनं_पान:
खिडकी_सीट, अपिलाचं काय होतं ते इथे नक्की कळव बाळा. पहिल्या अपिलावर निर्णय तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. नाही लागला तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील कर, तिथे खूप थांबावं लागेल पण सोडू नकोस.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. अपडेट देते, फार मोठं नाही.

हा धागा मी तिला वाचायला दिला. सगळा वाचला की नाही माहीत नाही, पण दोन दिवस तिच्या मैत्रिणीबरोबर फोनवर बोलताना "अतारांकित" हा शब्द तीनदा ऐकू आला. शिक्षकांची ती एका मताच्या हिशेबाची गोष्ट तिने मला परत सांगितली, जणू मी वाचलीच नाही. आणि पक्षांतराबद्दल तिचं मत जराही बदललेलं नाही, उलट म्हणते की फुटणाऱ्याने राजीनामा देऊन पुन्हा लोकांसमोर जावं आणि निर्णय अध्यक्षांकडे नको, कुठल्यातरी स्वतंत्र लवादाकडे हवा. मी म्हटलं, मग हे लिही खासदारांना. म्हणाली, मी त्यांची मतदार नाही ना अजून.

मग मी जास्त काही बोलले नाही. काल रात्री माझा फोन मागितला, आधार माझ्या नंबरला जोडलंय म्हणून, आणि आज सकाळी विचारत होती की फॉर्म ६ ला पत्त्याचा पुरावा म्हणून आधार चालतं का.

शाळा_सुटली:
चालतं. फोटो मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणि समोरून काढलेला लावा, आमच्याकडे त्यावरूनच बरेच अर्ज परत जातात. अठरा पूर्ण धरायला आता १ जानेवारीचीच वाट बघावी लागत नाही, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात. अर्जाचा नंबर जपून ठेवा आणि पंधरा दिवसांत बीएलओ (यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी) घरी आले नाहीत तर त्यांचा नंबर मिळवून फोन करा. लाजू नका, आम्ही उचलतो.